पाचव्या सिलिंडरचा गांधार

किल्ली एक घर फिरवावी, तो मीटरच्या काचेआड एक पिवळसर दिवा उजळतो, आणि तो विझेपर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही, एवढी एकच अट ही गाडी आपल्याला घालते. सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांत हा विसावा चांगला लांबत असे. पुढे लवकर तापणारे ग्लो प्लग आले आणि तो आखडला. आपल्याकडचे मेकॅनिक ज्यांना हीटर प्लग म्हणतात, त्या पाच लहानशा कांड्या या अवधीत लालबुंद होत असतात. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, म्हणून ठिणगीचा आयता चटकाही नाही. हवा दाबून दाबून तिच्या एकविसाव्या हिश्शात कोंडायची, त्या कोंडमाऱ्याने ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापली की तिच्यात इंधन सोडायचे आणि ज्वाला आपोआप उमटू द्यायची, हा त्याचा धर्म. थंड लोखंड मात्र ही ऊब शोषून घेते, म्हणून ही पूर्वतयारी. दिवा विझतो, किल्ली पुढे जाते, जड क्रँक दोन-तीन वेढे घेतो, आणि मग पाच सिलिंडर एकामागून एक जागे होतात. ज्याने हा आरंभ एकदा कान देऊन ऐकला, त्याला ओएम ६१७ या नीरस नावामागे काय दडले आहे याची कल्पना येते.

मर्सिडीज-बेंझचे हे इंजिन १९७४ साली ‘२४० डी ३.०’ या गाडीतून रस्त्यावर आले. आदल्याच वर्षी तेलाचे संकट युरोपच्या उंबऱ्यावर येऊन ठेपले होते. कंपनीपाशी डिझेलची परंपरा होती; १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली २६० डी ही तिची पहिली डिझेल मोटारगाडी, २५४५ घन सेंटिमीटरची आणि ४५ अश्वशक्तीची. तेव्हापासून टॅक्सीवाले, शेतकरी, फिरते विक्रेते या गाड्यांवर विश्वास टाकून होते, पण वेगाची किंवा ऐटीची अपेक्षा कोणी त्यांच्याकडून केली नव्हती. आता जास्त ताकद हवी होती, आणि ती त्याच बॉनेटखाली बसवायची होती. चार सिलिंडरचे ओएम ६१६ इंजिन हाताशी होते: २४०४ घन सेंटिमीटर, ९१ मिलिमीटरचा बोअर, ९२.४ चा स्ट्रोक. सिलिंडर मोठे करत गेले तर ज्वलन बिघडते, सहा करावेत तर लांबी आणि वजन दोन्ही वाढते. तेव्हा त्याच मापाचा एकच सिलिंडर आणखी जोडायचा ठरला आणि ३००५ घन सेंटिमीटरचे, पाच सिलिंडरचे, ८० अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले. विक्रीला काढलेल्या मोटारगाडीत पाच सिलिंडर हे तोवर कोणी केलेले नव्हते. या आराखड्याशी फर्डिनांड पिएख यांचे नाव जोडलेले आहे. पोर्शे सोडून १९७२ मध्ये काही काळ त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची अभियांत्रिकी कचेरी थाटली होती, त्या काळातले हे काम. पुढे ते आउडीत गेले आणि तिथे त्यांनी पाच सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घडवून आणले, यावरून या विषम संख्येने त्यांच्या मनात किती खोल घर केले होते ते दिसते.

आणि इथे आपण क्षणभर थांबू, कारण या पाचात एक असा योग जुळून आला आहे की संगीताचा कान असलेल्या माणसाने त्याकडे पाठ फिरवूच नये.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरचे सेकंदाला २५ स्फोट. चार सिलिंडर असले की सेकंदाला १००, सहा असले की १५०, आणि पाच असले की १२५. आता हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा: १००, १२५, १५०. चारला षड्ज मानले, तर सहा हा दीडपट, म्हणजे नेमका पंचम. आणि पाच हा सव्वापट, म्हणजे नेमका शुद्ध गांधार. सा, ग, प. चार सिलिंडरच्या गाड्यांचा सपाट, ठाम सूर आपल्या ओळखीचा असतो. सहा सिलिंडरचा भरदार पंचमही मोठ्या गाड्यांत आपण ऐकलेला असतो. पण या दोहोंच्या मध्ये जो एक आर्जवी, किंचित कलता सूर लागतो, त्याची जागा ओएम ६१७ ने प्रथमच मोटारीच्या दुनियेत भरून काढली. याहून गोड गोष्ट पुढेच आहे. उत्तम लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, एक गांधार उमटतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा असतो, पुढे सप्तके मोजत खाली आणला की गांधार म्हणून ओळखू येतो. या इंजिनात एका सिलिंडरची लय हा खर्ज धरला, तर पाचांची मिळून होणारी लय बरोबर त्याच्या पाचपट भरते. म्हणजे हा तंतोतंत तोच स्वयंभू गांधार. जर्मन अभियंत्यांनी तो कुठल्या रागासाठी योजला नव्हता. लांबी, वजन आणि ताकद यांचा हिशेब करता करता तो त्यांच्या पदरात पडला. सृष्टीच्या गणिताशी प्रामाणिक राहणाऱ्याला असे दान मिळते.

अर्थात हा गांधार तंबोऱ्यासारखा नितळ नाही. त्यावर डिझेलचा खडखडाट असतो, आणि ज्याला तो सोसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्या खडखडाटाखालची ठेवण ऐका. क्रँकच्या प्रत्येक १४४ अंशांवर एक स्फोट होतो, १-२-४-५-३ या क्रमाने. ज्वलनाचा धक्का पिस्टनला खाली ढकलतो तो पल्ला १८० अंशांचा. म्हणजे एकाचा जोर ओसरण्याआधीच दुसऱ्याचा जोर लागलेला असतो. चार सिलिंडरमध्ये हे घडत नाही. तिथे एक संपतो आणि मग दुसरा सुरू होतो. पाचात शक्तीचे पदर एकमेकांवर चढतात, आणि त्यामुळे गाडी ओढली जाते ती अखंड, झटक्याविना. मात्र विषम संख्येची किंमतही मोजावी लागते. पुढच्या आणि मागच्या टोकांत एक डुलणारे बल शिल्लक राहतेच, म्हणून थंड इंजिन मंद गतीवर असताना बॉनेट उघडून पाहिले तर सारे लोखंडी धूड हलके झुलताना दिसते. ते झुलणे आवरायला इंजिनाला स्वतःचे छोटे शॉक ॲब्सॉर्बर दिलेले आहेत, चाकांना असतात तसे. किती हळवी सोय आहे ही! दोष झाकायचा नाही, त्याला जागा द्यायची आणि सावरून धरायचे.

आता त्याच्या अंतरंगात उतरू. या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे बीज कुठे असेल तर ते हेडमध्ये दडलेल्या एका लहानशा कोठडीत आहे. बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोराँज यांनी १९०९ मध्ये पूर्वज्वलन कक्षाची कल्पना पेटंट केली, आणि साठ-सत्तर वर्षांनंतरही मर्सिडीजचे डिझेल तिच्यावरच उभे होते. नोझलमधून इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ते आधी या कोठडीत शिरते, तिथे आडव्या बसवलेल्या एका सळीवरच्या गोल मण्यावर आदळून विखुरते, आणि थोडेसे पेटते. हवा अपुरी असल्याने ही आग अर्धवटच राहते. पण तिचा दाब वाढतो आणि ती जळती वाफ कोठडीच्या तळाच्या बारीक छिद्रांतून मुख्य दालनात झेपावते. खरे ज्वलन तिथे पूर्ण होते. या दोन पायऱ्यांमुळे दाबाचा तडाखा एकदम बसत नाही, तो चढत्या क्रमाने येतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे या साऱ्यांच्या वाट्याला येणारा आघात सौम्य होतो, आणि लाखो किलोमीटर हीच सौम्यता साचत साचत आयुष्य होऊन बसते.

याच कोठडीने आणखी एक औदार्य दिले. इंधन बारीक फवारण्याचे काम नोझलच्या एकट्याच्या माथी नसल्याने तिथे फार दाब लागत नाही. शंभर-सव्वाशे बारच्या आसपास नोझल उघडते. आजची कॉमन रेल इंजिने सोळाशे, दोन हजार बारवर काम करतात, आणि त्यांची सूक्ष्म छिद्रे इंधनातल्या कणभर कचऱ्यानेही रुसतात. ओएम ६१७ च्या नोझलमध्ये एकच तोंड आणि त्यात मागेपुढे सरकणारी पिन असते, जी काजळी स्वतःच झटकत राहते. म्हणून हे इंजिन बऱ्यावाईट डिझेलवर चालले. पुढे अमेरिकेत हौशी लोकांनी उपाहारगृहांतले तळणीचे तेल गाळून, गरम करून त्यावरही ते चालवले. तसे करावे असे मी कोणाला सुचवणार नाही. पण एवढे सोसूनही जे चालत राहिले त्याच्या पचनशक्तीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. या सौम्यतेसाठी काही इंधन जास्त जळते, कारण कोठडीच्या भिंती उष्णता खातात. तो सौदा त्यांनी जाणूनबुजून केला होता, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

भोवतीचे सारे काम याच स्वभावाचे आहे. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचे. दोघे एकाच प्रमाणात तापतात, फुगतात, निवतात, म्हणून मधल्या गॅस्केटवर ओढाताण होत नाही. क्रँक घडीव पोलादाचा, सहा बेअरिंगांवर तोललेला. कॅम फिरवायला दुहेरी साखळी. बॉशचा पंप ओळीत बसवलेल्या पाच लहान पंपांचा, प्रत्येक सिलिंडरला आपला एक. टॅपेट मात्र आपोआप जुळत नाहीत. दर काही हजार किलोमीटरांनी झाकण काढून, १४ नंबरचे पाने घेऊन, फिलर गेजने अंतर मोजायचे: इनटेकला ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला साध्या इंजिनात ०.३०, टर्बोत ०.३५. ज्याला यात कटकट दिसते त्याने आजची गाडी घ्यावी. ज्याला गेजचे पाते मधल्या फटीत अडखळत, किंचित घासत सरकते तो स्पर्श कळतो, त्याला इंजिनाशी बोलण्याची ही एक ठरलेली वेळ वाटते. तेलाचा फिल्टर वरून निघतो, हात काळे करत गाडीखाली जावे लागत नाही. डिझेल संपून पंपाने एअर धरली, तर पंपावरच हाताने दाबायचा छोटा प्रायमर आहे. तो दाबत एअर काढायची आणि पुढे जायचे. ज्याने हे इंजिन रेखाटले त्याच्या डोळ्यांसमोर दुरुस्त करणारा माणूस सतत उभा होता.

आता ऐश्वर्याची गोष्ट. एस-क्लास म्हणजे मर्सिडीजचे सर्वोच्च आसन, आणि तिथे डिझेलला प्रवेश नव्हता. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने कंपन्यांच्या एकूण गाड्यांची सरासरी इंधनखपत बांधून दिली, १९७८ च्या मॉडेलांपासून ती लागू व्हायची होती, आणि मोठ्या पेट्रोल गाड्या विकणाऱ्या कंपनीला तोल सावरणे भाग पडले. त्यातून ३०० एसडी जन्मली: डब्ल्यू ११६ एस-क्लासच्या देहात टर्बोचार्जर चढवलेले ओएम ६१७, ११५ अश्वशक्ती. मालिकेने बनलेली ही जगातली पहिली टर्बोडिझेल मोटारगाडी, आणि ती फक्त उत्तर अमेरिकेसाठी होती. टर्बो लावला म्हणून नुसती फुंकर वाढवली नाही. प्रत्येक पिस्टनच्या पोटाखाली तेलाचा एक फवारा दिला, जो त्याला आतून थंड करतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ ठेवून तिच्यात सोडियम भरले. शंभर अंशांच्या आत वितळणारा हा धातू व्हॉल्व्हच्या उघडझापीबरोबर वरखाली हिंदकळतो आणि तापल्या डोक्याची उष्णता दांडीकडे वाहून नेतो. क्रँकचा पृष्ठभाग आणखी कणखर केला. आणि एवढी सारी तटबंदी उभारून झाल्यावर ताकद मागितली ती फक्त ११५, पुढे १२५.

ही मागणी किती संयमी होती ते दक्षिण इटलीतल्या नार्दोच्या गोल धावपट्टीने दाखवून दिले. १९७६ च्या जूनमध्ये सी १११ या प्रयोगगाडीत याच पाच सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर लावून १९० अश्वशक्ती काढली. चौघे चालक आळीपाळीने बसत होते, गाडी साठेक तास धावली, सरासरी वेग २५२ किलोमीटर, आणि १६ विश्वविक्रम नोंदले गेले. १९७८ मध्ये आणखी निमुळत्या देहात २३० अश्वशक्तीने तिने ताशी ३०० च्या पलीकडची सरासरी तासन्‌तास टिकवली. तेव्हा लक्षात घ्या: ज्या रचनेतून २३० काढता येतात, तिच्याकडून रोजच्या रस्त्यावर ११५ मागितले. अर्धे. विश्वासार्हतेची चर्चा आपण सुटे भाग आणि धातू यांच्या भाषेत करतो, पण माझ्या मते या इंजिनाचे सारे मर्म या उरलेल्या अर्ध्यात आहे. जे आहे ते सगळे वापरायचे नाही, ही सर्जनातली फार दुर्मीळ शिस्त आहे.

तिचे मोल कळायला त्याच वर्षातली दुसरी गोष्ट पुरेशी आहे. १९७८ मध्येच अमेरिकेत जनरल मोटर्सने ५.७ लिटरचे ओल्ड्समोबिल डिझेल आणले. डिझेलच्या मोठ्या दाबांना हेड घट्ट धरून ठेवायला जितके बोल्ट हवेत तितके त्यात नव्हते, इंधनातले पाणी वेगळे करण्याची सोय नव्हती. गॅस्केटे उडाली, पंप गंजले, आणि अमेरिकी ग्राहकाचे मन डिझेलवरून कायमचे उतरले. त्याच पंपावर, तेच डिझेल भरून जाणारी ३०० एसडी मात्र चालत राहिली.

एक बारकावा मला विशेष आवडतो: हे इंजिन थांबते कसे. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते गप्प होते. इथे तोडायला काही नाहीच. एकदा सुरू झालेल्या या इंजिनाला विजेची गरज उरत नाही, हवा आणि डिझेल मिळाले की ते फिरतच राहते. म्हणून किल्ली मागे फिरवली की हवेच्या पोकळीचा, व्हॅक्यूमचा, एक निरोप बारीक नळीतून पंपापर्यंत जातो आणि तो इंधनाची पट्टी मागे ओढतो. हीच पोकळी ब्रेकला जोर देते आणि दारांची कुलुपे लावते. त्यामुळे एखाद्या जुन्या गाडीत मागच्या दारातली रबरी पिशवी फाटली, तर चालक किल्ली खिशात घालून उभा राहतो आणि इंजिन संथपणे चालूच असते! मग बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा हाताने दाबायचा. यात बिघाड आहेच. पण बिघडल्यावर ते ज्या बाजूला झुकते ती बाजू चालत राहण्याची आहे, यात त्याची सारी प्रकृती उघडी पडते.

ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी २००४ मध्ये आपली २४० डी कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा तिच्या नावावर ४६ लाख किलोमीटर होते. त्यात चार सिलिंडरचा भाऊ होता, आणि एवढ्या प्रवासात इंजिने अनेकदा उतरवली, बदलली, पुन्हा बांधली गेली हेही खरे. मला त्या कथेचे मोल त्यामुळे कमी वाटत नाही. झिजून गेलेला भाग काढता येतो, नवा बसवता येतो, आणि ते करायला गावातला कारागीर पुरतो, ही टिकाऊपणाची वरची पायरी आहे. मोरोक्कोत कित्येक दशके शहराशहरांतून माणसे वाहून नेणाऱ्या मोठ्या टॅक्सी याच कुळातल्या होत्या. पुढे त्याच कंपनीने ॲल्युमिनियमच्या हेडचे, अधिक चपळ आणि अधिक शांत ओएम ६०३ आणले. सुरुवातीच्या त्या हेडना तडे गेले, तेव्हा जुन्या बिडाच्या हेडची किंमत लोकांना नव्याने कळली.

आणि हे कूळ आपल्यालाही परके नाही. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने इथे बनवायला घेतले. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये, ट्रॅक्समध्ये ते बसले. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापमध्ये, लग्नाच्या वऱ्हाडात, शाळेच्या फेरीत, आठवडी बाजाराच्या गर्दीत आपण ज्या ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसलो, तिच्या बॉनेटखाली जवळपास तोच ९१ मिलिमीटरचा बोअर होता, तीच पूर्वज्वलनाची कोठडी होती. स्टुटगार्टच्या श्रीमंत गाडीतला गांधार आणि आपल्या घाटातला षड्ज एकाच घराण्याचे.

हे इंजिन आजच्या रस्त्यांसाठी नाही, हे मान्य करायला हवे. त्याचा धूर काळा आहे, त्याची काजळी आजच्या कोणत्याही उत्सर्जन नियमात बसणार नाही, आणि बसू नयेही. शहरातल्या लेकरांच्या फुप्फुसांपुढे कुठल्याही रसिकतेचा मान मोठा नाही. ते संथ आहे, थंडीत कुरकुरते. पण १९७४ पासून पुढे बनलेल्या या इंजिनांतली कितीतरी आजही पहिल्या किल्लीला सुरू होतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे इंजिन असलेली एखादी ३०० डी किंवा ३०० एसडी दिसली, तर रंग आणि क्रोम पाहून पुढे जाऊ नका. मालकाला विनंती करा, इंजिन गार असताना बॉनेट उघडून स्टार्ट करायला सांगा, आणि गती स्थिर झाली की शेजारी उभ्या असलेल्या कोणत्याही चार सिलिंडरच्या गाडीलाही त्याच गतीवर लावायला सांगा. दोन्ही सूर एकत्र ऐका. गांधार लागलेला आहे.